सात दिवस टांगलेला शर्ट

"तुम्ही एका बाईला मारलंत, आणि मारायच्या आधी तिच्याच नवऱ्याची सही घेऊन ठेवलीत."

वहीब इस्त्रीवाला हे बोलला तेव्हा त्याचा आवाज चढलेला नव्हता. नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, तक्रारींच्या टेबलापुढे, तो नेहमीसारखाच उभा होता. पाय जरा फाकलेले, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. चव्वेचाळीस वर्षे रोज आठ-आठ तास तापलेले लोखंड पुढे-मागे ढकलले की खांदा असा होतोच. काखेत तपकिरी कागदात गुंडाळलेला एक शर्ट होता. टेबलामागच्या साहेबाने मान वर केली नाही. त्याला याची सवय झाली होती. हा सलग पाचवा गुरुवार होता.

साहेबाचे नाव काय, याला महत्त्व नाही. नावाला धरले की खुर्ची सुटते.

साहेबाने फाइल ओढली, त्यातला एक कागद काढला आणि पाचव्यांदा वहीबच्या तोंडापुढे धरला.

"मुअल्लिम, ही सही कुणाची?"

"माझी."

"कुणी हात धरून करून घेतली?"

"नाही."

"मग झालं तर."

कारागिराला बैरूतमध्ये सगळे मुअल्लिम म्हणतात. मान म्हणूनही म्हणतात आणि गप्प बसवायचे असले की तेव्हाही म्हणतात. वहीबला मान नको होता, भरपाई नको होती, साहेबाची माफीही नको होती. त्याला त्याची सही परत हवी होती. त्या कागदावर लिहिले होते की गल्लीतल्या जनरेटरचा आता कोणालाही उपद्रव नाही, हवा स्वच्छ आहे, तक्रार निकालात काढावी. खाली त्याची वाकडी, ठसठशीत सही. बायको जाऊन तीन महिने होत आले तरी तो कागद अजून खरेच बोलतो आहे असे धरून सगळे चालले होते. तो कागद फायलीत होता तोवर जनरेटर जागचा हलणार नव्हता, आणि वहीबच्या सज्जाच्या वर आणखी तीन सज्जे होते. तिथे माणसे राहत होती. सगळ्यात वरच्या सज्जात एक पाळणा होता.

साहेब म्हणाला की सही परत द्यायची आमच्याकडे सोय नाही. सही म्हणजे काय धुवायला टाकलेली चादर आहे, की पावती दाखवली आणि घेऊन गेला?

शेजारच्या टेबलावरचा कारकून यावर हसला. वहीबही एरवी हसला असता. विनोद त्याच्याच धंद्यातला होता.

*

सरकारी वीज कधी येते आणि कधी जाते हे सांगणारा माणूस बैरूतमध्ये अजून जन्माला यायचा आहे. ती आली की बायका हातातले काम टाकून कपडे धुवायच्या यंत्राकडे धावतात. दोन तासांनी ती जाते, आणि मग गल्लीगल्लीतले जनरेटर खोकून उठतात. वहीबच्या गल्लीतला जनरेटर अबू नासिफ नावाच्या माणसाचा. ट्रकच्या डब्याएवढा हिरवा लोखंडी खोका, दोन इमारतींमधल्या बोळात कोंबलेला. त्याच्या धुराचा पाइप भिंतीच्या कडेने वर चढायचा आणि दुसऱ्या मजल्यावर संपायचा. छपरापर्यंत न्यायला आणखी पाइप लागला असता. अबू नासिफने तेवढा वाचवला.

दुसऱ्या मजल्यावर वहीबचे घर. खाली रस्त्याला लागून त्याचे दुकान. पाइपाचे तोंड आणि वहीबच्या सज्जाचा कठडा यांच्यात चार हातांचे अंतर.

त्या सज्जावर वहीबच्या बायकोचे, वदादचे, आयुष्य गेले होते. लग्न होऊन आली तेव्हा तिने आधी सज्जा पाहिला आणि मग घर, असे ती स्वतःच सांगायची. भाजी निवडायची तिथे, कॉफी प्यायची तिथे, मुलगी रीमा कॅनडाला निघाली तेव्हा टॅक्सी वळेपर्यंत उभी राहिली तीही तिथेच. खालून जाणाऱ्या प्रत्येकाला वरून दोन शब्द ऐकवल्याशिवाय तिचा दिवस जायचा नाही. मग वीज गेली, जनरेटर आला आणि काजळी आली. दोरीवरच्या चादरी काळ्या, कुंडीतल्या पुदिन्याची पाने काळी, कॉफीवर काळा तवंग. वदादने सज्जाचे पट्ट्यापट्ट्यांचे जाड पडदे ओढून घेतले, दार लावले, फटींवर चिकटपट्टी लावली आणि उंबऱ्याशी ओला टॉवेल दाबला. चार वर्षे ते दार उघडले नाही. चार वर्षे ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून भाजी निवडत होती.

आणि वहीबची इस्त्री तापायची ती त्याच जनरेटरवर. हे ती त्याला विसरू द्यायची नाही.

"तुझं गिऱ्हाईक पांढरं होऊन जातं," ती म्हणायची, "आणि तुझी बायको काळी."

शेवटी तीच उठली. गल्लीतल्या सहा बायका घेऊन नगरपालिकेत गेली, दुसऱ्या मजल्यावर चढली आणि स्वतःच्या पलंगावरची चादर साहेबाच्या टेबलावर, त्याच्या फायलींवर, पसरली. चादरीवर काजळीचे पट्टे होते. तिने साहेबाला सांगितले की आता यावर कॉफी मागवा, आम्ही पाहुण्या आहोत. साहेबाने कॉफी मागवली नाही, पण चादर टेबलावरून हलेपर्यंत त्याला कामही करता येईना. त्या दिवशी त्याने अबू नासिफच्या नावाने कागद काढला: धुराला गाळणी बसवा, नाहीतर मशीन बंद.

अबू नासिफने गाळणी बसवली. म्हणजे काय केले, तर पाइपाच्या मध्ये लोखंडी पत्र्याची एक टाकी जोडली आणि तिच्यात पाणी भरले. धूर एका बाजूने पाण्यात घुसायचा आणि दुसऱ्या बाजूने बुडबुडत वर यायचा. संध्याकाळी टाकीखालची तोटी सोडली की शाईसारखे काळे पाणी गटारात वाहायचे. ते पाणी बघायला अख्खी गल्ली जमली. एवढी घाण बाहेर निघते आहे म्हटल्यावर आत काय उरणार, असे सगळ्यांच्या चेहऱ्यावर होते. अबू नासिफने पाकातली कुनाफा वाटली. वदादने दोन तुकडे खाल्ले आणि त्याला म्हणाली की आभार पुढच्या आठवड्यात, आधी माझी चादर काय म्हणते ते बघू.

आता गाळणी चालते की नाही हे ठरवायचे कोणी? नगरपालिकेकडे यंत्र नव्हते. यंत्र चालवणारा इंजिनियर नोकरी सोडून आखातात गेलेला. तेव्हा साहेबालाच ती कल्पना सुचली. त्याने विचारले, तुमच्या गल्लीत तो इस्त्रीवाला आहे ना?

गल्लीची पद्धत त्याला कोणीतरी सांगितली असणार. कापडाचा तंटा असला की तो वहीबच्या टेबलावर यायचा. दुकानदाराने धुतलेले कापड नवे म्हणून विकले का, लग्नाच्या पोशाखावरचा डाग आधीचा की नंतरचा, आजीच्या पेटीतली लिनन खरी की भेसळीची, सगळे वहीब सांगायचा. त्याचा निकाल कोणी मोडत नसे. कापड डोळ्याला फसवते, पण गरम इस्त्रीला फसवत नाही, हा त्याच्या धंद्यातला विश्वास होता. डोळ्याला न दिसणारा मळ वाफेत पिवळा होऊन वर येतो. चव्वेचाळीस वर्षांत त्याची इस्त्री एकदाही खोटी पडली नव्हती.

तर ठरले असे. एक पांढरा शर्ट वहीबने धुऊन सात दिवस सज्जाच्या कठड्याला टांगायचा, पाइपापासून चार हातांवर. आठव्या दिवशी सगळ्यांसमोर इस्त्री फिरवायची. शर्ट पांढरा राहिला तर तक्रार मिटली. यात खर्च नव्हता, म्हणून साहेब खूश. वहीबही खूश होता, हे लपवण्यात अर्थ नाही. सरकारने कधी नव्हे ते त्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवला होता.

दुकानात मागच्या खुंट्यांवर कितीतरी शर्ट पडून होते. लोक गुरुवारी नेतो म्हणून सांगून जातात आणि परदेशातून फोन करतात. वहीबने एका दंतवैद्याचा शर्ट निवडला. सुती, जाड, दुधासारखा. तो स्वतः धुतला, निळीचा थेंबही घातला नाही, कारण निळीने खोट लपते. आणि टांगला.

पहिल्या दिवशी काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वहीब रोज दुकान बंद करून वर यायचा, दाराची चिकटपट्टी एका कडेने सोडवून हात बाहेर काढायचा आणि शर्टाची बाही चिमटीत धरून बघायचा. पांढरी. चौथ्या दिवशी त्याला राहवेना, त्याने वदादला हाका मारून बोलावले. ती आली, शर्ट बघितला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. वास तसाच येतो, ती म्हणाली. काळं दिसत नाही पण वास येतो, डोकं जड होतं, आणि छातीत मधूनच पाखरू फडफडल्यासारखं होतं.

वहीबने तिला शर्ट दाखवला.

"शर्ट पांढरा आहे, दिसतंय मला," वदाद म्हणाली. "पण मी शर्ट आहे का?"

तो हसला. तीही हसली. चार वर्षांनी सज्जाचे दार बोटभर उघडे होते आणि समोर समुद्राचा एक निळा तुकडा दिसत होता. अशा वेळी माणूस हसतोच.

आठव्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब आला, अबू नासिफ आला, वरच्या मजल्यांवरचे सगळे आले. वहीबने टेबलावर शर्ट पसरला, पाणी शिंपडले आणि इस्त्री टेकवली. वाफ उठली. कॉलर, खांदे, बाह्या, पाठ. त्याने घाई केली नाही. मग इस्त्री उभी ठेवली आणि शर्ट दोन्ही हातांनी उजेडात धरला. कुठेही पिवळी सावली नव्हती. पांढरा, अगदी पांढरा. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबाने कागद त्याच टेबलावर ठेवला. टेबल अजून गरम होते, त्यामुळे सही करता करताच शाई वाळली.

त्यानंतर वहीबने जे केले ते त्याला कोणी सांगितले नव्हते. तो वर गेला आणि दाराची चिकटपट्टी ओढून काढली. सगळी. जिथे निघेना तिथे नखाने खरवडली. पडदे बाजूला सारले, सज्जा दोनदा धुतला, माळ्यावरची वेताची खुर्ची खाली काढून कठड्याशी, उजेडाच्या बाजूला ठेवली. पाइपाच्या बाजूला. मग वदादला हात धरून आणली आणि बसवली.

"बस," तो म्हणाला. "मी बघितलंय."

*

तो उन्हाळा ती त्या खुर्चीत बसली. सकाळची कॉफी तिथे, भाजी तिथे, दुपारची डुलकीही तिथेच. खालून जाणाऱ्यांना तिचे दोन शब्द पुन्हा ऐकू येऊ लागले. अबू नासिफलाही ऐकू आले. तुझ्या मशीनला आता रोज अंघोळ मिळते, तू कधी सुरू करतोस, असे तिने त्याला भर गल्लीत विचारले.

पण जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबू लागली. आधी पिशवी जड आहे म्हणून, मग पिशवी नसतानाही. छातीवर हात ठेवून उभी राहायची आणि वहीब वळून बघायला लागला की हात काढून केस सारखे करायची. डॉक्टरने रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितले, मीठ कमी करायला सांगितले. वहीबने मीठ कमी केले. स्वतःच्या जेवणातलेही केले. वदाद म्हणायची की रीमाच्या काळजीने होते आहे, वहीब म्हणायचा वयाने होते आहे. सज्जाने होत असेल असे दोघांपैकी कोणीच म्हटले नाही. सज्जाची तर परीक्षा झाली होती. परीक्षा घेणारा घरातलाच होता.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी ती कोसा पोखरत बसली होती. कोसा म्हणजे बोटभर लांबीचे हिरवे भोपळे. लांब पात्याच्या सुरीने त्यातला गर काढून टाकायचा आणि आत तांदूळ नि खिमा भरायचा. नेहमीसारखी वीज गेली आणि जनरेटर खोकला. वहीब खाली इस्त्री तापायची वाट बघत उभा होता. एवढ्यात ती सुरी वरून दुकानासमोरच्या फरशीवर पडली.

वदादच्या हातून वस्तू पडायच्या. गेल्या महिन्यात चाळणी पडली होती, त्याआधी चपला. वहीबने बाहेर येऊन सुरी उचलली, बाहीला पुसली आणि वर बघून म्हणाला की डोकं फुटलं असतं कुणाचं. वरून उत्तर आले नाही. त्याने सुरी टेबलाच्या कडेला ठेवली. इस्त्री नुकती तापली होती, टेबलावर दोन शर्ट ओले करून ठेवलेले होते. तेवढे उरकावेत आणि मग सुरी घेऊन वर जावे, असे त्याने ठरवले.

त्याने ते दोन शर्ट उरकले. नीट उरकले. घड्या घातल्या.

मग तो वर गेला.

इस्पितळातल्या डॉक्टरने विचारले की सिगारेट ओढायच्या का. कधीच नाही. हुक्का? नाही. साखर? नाही. वय? त्रेसष्ट. डॉक्टरने मान हलवली, हृदयाचा झटका असे लिहिले आणि म्हणाला की वय झालं होतं. त्या डॉक्टरच्या स्वतःच्या आईचे वय पंच्याऐंशी होते आणि ती कुठल्यातरी डोंगरातल्या गावात अजून स्वतः भाकरी भाजत होती, हे वहीबला नंतर कळले.

दफनाआधी कफन आणले तेव्हा वहीबची नजर सवयीने आधी कापडाच्या कडेवर गेली, मग मधल्या घडीवर. कापड स्वच्छ होते. तो बाजूला झाला.

*

चौथ्या मजल्यावर लमीस नावाची मुलगी राहायची. विद्यापीठात काहीतरी करते एवढेच वहीबला माहीत होते. दर आठवड्याला तिचा पांढरा कोट इस्त्रीला यायचा आणि खिशात हटकून एक पेन राहिलेले असायचे. वदाद गेली तेव्हापासून कोट आला नव्हता. चाळीस दिवस भरले, घरी कुराण वाचून झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी लमीस दुकानात आली. कोट टेबलावर ठेवला, पण गेली नाही. वहीबने खिसा चाचपला, पेन काढून तिच्या हातात दिले. तिने ते घेतले आणि रडू लागली.

वहीबने तिला स्टूल दिले. रडणाऱ्या माणसाला काय विचारायचे हे त्याला हल्ली कळत नसे. मग तीच बोलली, काकांना हाक मारतात तशी हाक मारून.

"अम्मो, तुम्ही बघितलंत ते खरंच होतं. शर्ट पांढराच होता."

मग तिने सगळे सांगितले. विद्यापीठात ती हवेतल्या बारीक कणांचा अभ्यास करायची. तिच्या खिडकीबाहेर एक छोटी पेटी टांगलेली असायची, तिच्यातून एक नळी निघायची. वहीबने ती पेटी कित्येकदा पाहिली होती. पक्ष्यांना पाणी ठेवते असे त्याला वाटायचे. ती पेटी कण मोजायची. काजळी नव्हे, काजळीपेक्षा फार बारीक. केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसतील एवढे. गाळणी बसवण्याच्या आधी, एप्रिलात, तिने वहीबच्या सज्जाशेजारी नळी सोडून मोजले होते. कॉफीत टाकायच्या साखरेच्या ठोकळ्याएवढ्या हवेत एक लाख ऐंशी हजार. गाळणी बसल्यावर जूनमध्ये पुन्हा मोजले.

"किती निघाले?" वहीबने विचारले.

"एक लाख नव्वद हजार."

वहीबला वाटले ती चुकून उलटे बोलली. ती उलटे बोलली नव्हती. पाण्यात मोठी काजळी अडकते, बारीक कण बुडबुड्यात बसून वर येतात, असे तिने समजावले. मोठी काजळी असती तर त्यातले काही तिला चिकटून तरी गेले असते. ती गेली तेव्हा यांना मोकळे रान मिळाले.

वहीबचा प्रश्न धंद्यातला होता. कापडावर का बसले नाहीत?

लमीस म्हणाली की बसले असतील थोडे, पण दिसण्याइतके ते नसतातच. इस्त्रीला नाही दिसत, तिच्या डोळ्यालाही नाही. धूळ नाकात अडकते, घशात अडकते, माणूस खोकून बाहेर टाकतो. हे कुठेच अडकत नाहीत. फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत उतरतात आणि तिथून रक्तात शिरतात. मग रक्त नेईल तिकडे. हृदयात, मेंदूत.

"म्हणजे वदाद यानंच गेली?"

तिने हातातले पेन टेबलावर ठेवले. मग म्हणाली की एका माणसाचे नाव घेऊन तसे सांगता येत नाही, आणि मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. अशी हजार घरे घेतली तर त्यातून किती माणसे जास्तीची जातात ते सांगता येते. कुठल्या घरातली, ते नाही. आणि कायद्याचे म्हणाल तर कायदा धुराचे वजन करतो. यांना मोजावे लागते, कारण यांना वजन नसल्यासारखेच असते. मोजा म्हणणारा कायदा इथे नाही, आणि जगातही फार थोड्या ठिकाणी आहे.

वहीबने कोटाची कॉलर सरळ केली. मग विचारले की हे तू आणखी कुणाला सांगितलंस?

इथे तिचे रडणे थांबले आणि चेहरा वेगळाच झाला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिने सगळे आकडे लिहून नगरपालिकेत दिले होते, दुसऱ्या मजल्यावर. पाइप छपराच्या वर न्यावा, पाण्याची टाकी काढून खरी गाळणी बसवावी, तोवर त्या बाजूची दारे बंद ठेवायला लोकांना सांगावे, असे लिहिले होते. पंधरा दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले: गल्लीतल्या जाणत्या कारागिराने तपासणी करून हवा स्वच्छ असल्याचे लिहून दिले आहे, तरी लोकांत घबराट पसरवू नये.

"माझी सही दाखवली त्यांनी तुला?"

"हो, अम्मो. उत्तराला जोडलेली होती. मी तेव्हाच खाली यायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हाला कुणी काही बोलेल. तुमचं नाव होतं ना गल्लीत."

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. वहीबने बोटांवर मोजले नाही, पण तो चार महिने मागे गेला हे तिला दिसले. त्याने कोट परत उलगडला, पाणी शिंपडले आणि त्याला इस्त्री केली. तिने नको म्हटले तरी केली. घडी घालून तिच्या हातात दिला. मग वर गेला, वेताची खुर्ची आत ओढली आणि सज्जाचे दार लावले. घरात चिकटपट्टी नव्हती. ती आणायची वदाद.

पुढच्या गुरुवारी तो पहिल्यांदा नगरपालिकेत गेला.

*

आता पाचव्या गुरुवारी साहेब फाइल मिटत होता. बोलून बोलून त्यालाही कंटाळा आला होता. तो म्हणाला की मुअल्लिम, तुमच्या दुःखाची मला कल्पना आहे, पण उद्या प्रत्येक जण सही मागे घेऊ लागला तर राज्य कसं चालायचं? शिवाय त्या पोरीचे आकडे कुठल्याच नियमात बसत नाहीत. नियमात बसलं तर आम्ही बघणार नाही का?

वहीबने काखेतला कागद सोडवला आणि शर्ट टेबलावर ठेवला. दंतवैद्याचा शर्ट. मे महिन्यापासून तो त्याच घडीत होता. कॉलर ताठ होती.

"हे काय? उचला ते," साहेब म्हणाला.

"तुमचा पुरावा आहे. फायलीत लावा."

तेवढ्यात वीज गेली. खोलीभर अंधार झाला आणि खाली, नगरपालिकेच्या आवारात, नगरपालिकेचा स्वतःचा जनरेटर खोकून उठला. दिवे पुन्हा लागले. साहेबाने शिपायाला हाक मारून सांगितले की आधी ती खिडकी लाव, त्या वासानं माझं डोकं उठतं. शिपाई धावत गेला, खिडकी लावली आणि खालच्या फटीत वर्तमानपत्राची घडी दाबली. घडी आधीपासून तिथेच ठेवलेली होती. रोजची असावी.

वहीब त्या फटीकडे बघत राहिला. मग साहेबाकडे वळला.

"तुमच्या कॉलरवर तर काही दिसत नाही, साहेब. पांढरी आहे."

शेजारचा कारकून या वेळी हसला नाही.

वहीबने आतल्या खिशातून एक कागद काढला. पाचवीपर्यंत शिकलेल्या माणसाचा, स्वतःच्या हाताने लिहिलेला. रीमाने फोनवरून लिहून देते म्हटले होते, त्याने नको म्हटले. कागदावर ठरीव भाषेतला अर्ज नव्हता, वर सलाम नव्हता आणि खाली विनंती नव्हती. आपल्या सहीचा दिवस होता, लमीसच्या कागदाचा दिवस होता, वदादचा दिवस होता. तीन तारखा एकाखाली एक. वरच्या तीन सज्जांमधल्या माणसांची नावे होती, पाळण्यातल्या पोराचेसुद्धा. वहीबने सांगितले की यावर शिक्का मारा आणि आवक नंबर द्या. उत्तर आलं नाही तर पुढच्या गुरुवारी येईन, आणि त्याच्या पुढच्या. दुकान गुरुवारी बंद असतं आता.

साहेबाने कागद वाचला. तारखांपाशी थांबला. पुढे गेला. मग शिक्का उचलला आणि हातातच धरून ठेवला, कारण शेवटची ओळ वाचून झाल्यावर मारायचा की नाही हे त्याला ठरवता येईना. टेबलावर, दोघांच्या मध्ये, तो शर्ट होता. खिडकी बंद होती तरी खोलीत वास होता.

शेवटची ओळ इतर ओळींपेक्षा मोठ्या अक्षरात होती.

या शर्टावर जे बसलं नाही, ते कुठं जाऊन बसलं? लेखी उत्तर द्या.